‘हे कुठून घेतले?’

परवा रविवारी विहारातून घरी आलो, पंख्याखाली टेकलो, तोच शेजारची मुलगी फाईल पोटाशी धरून दारात उभी. चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील कोळसा खाणीत कामाला, आई घरी शिलाई मशीन चालवते. पोरगी हुशार, पण त्या दिवशी डोळे भरून आलेले. “काकाजी, मॅडमनं प्रकल्प वापस केला,” एवढे म्हणून तिने फाईल माझ्या हाती दिली.

प्रकल्पाचा विषय चंद्रपूरची १९५६ ची धम्मदीक्षा. चाळीस पाने, भाषा साधी आणि स्वच्छ. पण समासात जागोजागी लाल शाईने एकच प्रश्न लिहिलेला : हे कुठून घेतले? मी मोजले. अकरा ठिकाणी होता. शेवटच्या पानावर शेरा होता, संदर्भ द्या, मगच प्रकल्प स्वीकारला जाईल.

“मी चोरी नाही केली जी. काही आजीनं सांगितलं, काही घरच्या पुस्तकात वाचलं, काही मोबाईलवर आलं. आता आजीचं नाव कुणी लिहिते का?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. मॅडमचा प्रश्नही चुकीचा नव्हता. मधली गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. ज्या घरात आजोबा पदवीधर, बाप प्राध्यापक, त्या घरातल्या पोराला तळटीप म्हणजे काय हे जेवणाच्या पाटावरच कळते. आपल्या लेकरांना ते लाल शाईतून कळते, आणि वर ‘कॉपी केली’ असा शिक्का बसण्याची भीती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता क्षेत्रभेटी आणि प्रकल्प पदवीच्या वर्गातच आले आहेत. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले, दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये त्याला जोडली गेली, आणि कोरची-भामरागडच्या लेकरांनाही संशोधनाचा रस्ता जवळ आला. म्हणून ही मधली गोष्ट आज सविस्तर लिहितो. आईबापांनीही वाचावी. शाळा किती झाली याचा इथे संबंध नाही.

विधानाचा मुक्काम-पोस्ट

पत्रावर आपण काय लिहितो? नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. त्यातले काही सुटले की पत्र फिरत राहते. संदर्भ म्हणजे विधानाचा असाच पत्ता. कुणी म्हटले, कोणत्या पुस्तकात, ते कुणी कुठे छापले, कोणत्या वर्षी, आणि कितव्या पानावर. पान म्हणजे घर नंबर. पुस्तकाचे नाव दिले आणि पान दिले नाही, तर वाचणाऱ्याला अख्खे गाव हिंडावे लागते.

हे वाचणाऱ्याला तपासून पाहता यावे यासाठी असते. शोभेसाठी नव्हे आणि गुणांसाठीही नव्हे. मुलांच्या मनात मात्र वेगळीच भीती असते. दुसऱ्याचे नाव लिहिले तर माझे काय राहिले?

या भीतीवर बाबासाहेबांचाच दाखला पुरेसा आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. निबंधात ते सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या त्यांच्या-त्यांच्या नावाने मांडतात आणि मग प्रत्येकात काय कमी पडते ते दाखवतात. केतकरांचे काही पटले ते पटले म्हणून सांगतात. दुसऱ्याचे बोलणे दुसऱ्याच्या नावावर ठेवले म्हणूनच त्यांचे स्वतःचे बोलणे वेगळे उठून दिसते. पुढे १९४६ चा शूद्रांवरचा ग्रंथ आणि १९४८ चा अस्पृश्यांवरचा ग्रंथ पाहा. ज्या ग्रंथांशी भांडायचे त्या ग्रंथांचेच दाखले ते स्थळासकट देतात. विरोधकाला ‘हे कुठून घेतले’ म्हणायला जागाच ठेवत नाहीत.

याच निबंधात एक गंमत दडली आहे, ती त्या मुलीला मुद्दाम दाखवली. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली इंग्रजी खंडमालेचा पहिला खंड काढला. त्यात या निबंधाच्या सुरुवातीला लिहिले आहे की तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकात मे १९१७ मध्ये, रोमन आकड्यांतील ४१ व्या खंडात छापला गेला. आता हिशेब करा. हे मासिक १८७२ साली सुरू झाले, दर वर्षाला एक खंड. १८७२ ला पहिला, तर १९१७ ला ४६ वा येतो. ४१ वा खंड १९१२ चा. रोमन आकड्यात एक अक्षर गळले की ४६ चे ४१ होतात. आणि त्यानंतर कितीतरी लेखांत, प्रबंधांत ४१ च उतरत गेले, कारण ज्याने-त्याने आधीच्याचे पाहून लिहिले.

वसंत मून यांनी उभे केलेले काम डोंगराएवढे आहे. एका अक्षराने ते उणे होत नाही. पण नियम यातून कळतो. आपण जे डोळ्यांनी पाहिले त्याचाच पत्ता द्यायचा. शासनाचा खंड पाहिला असेल तर खंड १, १९७९, पृष्ठ ३ ते २२ असे लिहा. मूळ मासिक पाहिले नसताना त्याचा अंक ठोकून देऊ नका.

अकरा जागा

मग आम्ही फाईल घेऊन बसलो. तिच्या आईने डबा पाठवला, संध्याकाळ तिथेच गेली.

अकरांपैकी तीन जागी ‘बाबासाहेब म्हणतात’ असे होते. वाक्ये मोबाईलवर आलेली, निळ्या पार्श्वभूमीवर फोटोसकट. मी म्हटले, “ही कोणत्या भाषणातली? कोणत्या सालचे भाषण?” तिला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. एक वाक्य शोधता शोधता सापडले. उरलेली दोन खंडांच्या सूचीत शोधली, संगणकावर शोधली, नाही मिळाली. ती खोडली. मुलीला वाईट वाटले, कारण वाक्ये चांगली होती. पण वाक्य चांगले आहे म्हणून ते बाबासाहेबांचे ठरत नाही. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी चार महापदेस सांगितले आहेत. कुणी म्हणाले की मी हे खुद्द भगवंतांच्या तोंडून ऐकले, तर लगेच मान डोलावू नका, झिडकारूही नका, सुत्त आणि विनयाशी ताडून पाहा, जुळले तर घ्या, नाही तर सोडा. अडीच हजार वर्षांपूर्वी जो नियम भिक्खूंना होता, तो आज मोबाईलवरच्या संदेशालाही लावावा, एवढेच.

ताडून पाहायला लागणारे साहित्य आता फुकट आहे. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. मराठी लेखन व भाषणे खंड १८ च्या तीन भागांत आहेत. नागपूरचे १५ ऑक्टोबर १९५६ चे भाषण ‘प्रबुद्ध भारत’च्या २७ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात छापले गेले होते.

चार जागा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातल्या. हे पुस्तक आपल्या घराघरांत आहे. वेष्टन फाटलेले, कुणाच्या घरी जुनी आवृत्ती, कुणाच्या घरी नवी, आणि प्रत्येकीत पान वेगळे. इथे पानाला फार चिकटून बसू नये. बाबासाहेबांनी ग्रंथाची रचनाच अशी केली आहे की आठ खंड, खंडात भाग, भागात प्रकरणे, आणि प्रत्येक परिच्छेदाला आकडा. खंड, भाग, प्रकरण आणि परिच्छेद दिला की कोणत्याही आवृत्तीत, कोणत्याही भाषेत जागा सापडते. आवृत्तीचे साल मात्र जोडावे.

या ग्रंथाला तळटिपा नाहीत, म्हणून काही विद्वानांनी त्यावर नाक मुरडले होते. ग्रंथ छापून आला १९५७ साली, आणि बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला, हेही लक्षात ठेवावे. पुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली ग्रंथांतली मूळ स्थळे शोधली. १९९५ साली शासनाच्या खंड ११ ची पुरवणीच निघाली, तिच्यात ग्रंथाच्या पाली आणि इतर आधारांची यादी आहे. २०११ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनेही आधारस्थळांसह आवृत्ती काढली. एका माणसाने न लिहिलेल्या तळटिपा शोधायला पुढच्या पिढ्यांनी किती वर्षे खर्चली पाहा. ज्या मुलाला पाली वाङ्मयापर्यंत जायचे आहे त्याने ही पुरवणी ग्रंथालयात मागावी.

यादी करताना एक घरगुती वादही झाला. संदर्भसूचीत आडनाव आधी येते, पदव्या गळतात. मुलीने लिहिले : आंबेडकर, बी. आर. रात्री वडिलांनी फाईल पाहिली आणि भडकले. “बाबासाहेबांचं नाव असं अर्धं?” मी त्यांना समजावले की ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’च्या मुखपृष्ठावर खुद्द बाबासाहेबांनी बी. आर. आंबेडकर असेच नाव दिले आहे. मजकुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर असे आदराने लिहावे. सूचीत पुस्तकावर छापले आहे तसे. त्यांना पटले असावे. पटले नाही तरी चहा पिऊन गेले.

जुने नाव, जुना जिल्हा

आपल्या भागावर लिहिणाऱ्यांनी एक खूणगाठ बांधावी. ग्रंथालयाच्या सूचीत ‘चंद्रपूर’ शोधून फार थोडे मिळते. जुने सगळे ‘चांदा’ या नावाखाली आहे. १९०९ चे चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर तसेच. आणि गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधीची माहिती चंद्रपूर किंवा चांद्यातच शोधावी लागते. हे ठाऊक नसलेली मुले ‘आमच्या जिल्ह्यावर पुस्तकच नाही’ म्हणून हात टेकतात.

आकड्यांचेही असेच. या मुलीची वडशाची मैत्रीण तेंदूपानावर प्रकल्प करते आहे. तिने लिहिले, गडचिरोलीत अमुक टक्के जंगल. एका ठिकाणी सत्तरच्या आसपास आकडा, दुसऱ्या ठिकाणी पंचाहत्तरच्या वर. दोन्ही सरकारीच. खोटे कोण? कुणीच नाही. एक आकडा कागदोपत्री वन म्हणून नोंदलेल्या जमिनीचा असतो. दुसरा भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा, ती उपग्रहाच्या चित्रावरून झाडांचे आच्छादन मोजते. जमीन कुणाचीही असो, एक हेक्टरच्या वर आणि दहा टक्क्यांच्या वर छाया असली की ते वनाच्छादन. आकड्यापुढे कोणता अहवाल, कोणते साल हे लिहिले की भांडण मिटते. न लिहिता दिलेला आकडा वाऱ्यावरचा.

हाताशी काय आहे

पहिले साधन म्हणजे साधी वही. पुस्तक हातात आले की आधी नाव-पत्ता लिहायचा, मग टिपण. उलटे केले की पुस्तक परत गेल्यावर पान नंबरासाठी पुन्हा बसभाडे मोडावे लागते. दुसरे साधन खिशातला मोबाईल. मुखपृष्ठ, त्यामागचे छपाईचे पान आणि हवे ते पान, असे तीन फोटो. एवढ्याने अर्धे काम होते.

संगणकावर ‘झोटेरो’ नावाची प्रणाली आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली निघाली, पैसे लागत नाहीत. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकला की बहुधा नाव, लेखक, साल आपोआप भरले जाते, आणि लिहिताना बटण दाबले की तळटीप व शेवटची सूची तयार होते. आपली जुनी मराठी पुस्तके त्या क्रमांकाआधीची, ती हाताने भरावी लागतात. एकदा भरली की आयुष्यभर राहतात. ‘वर्ड’मध्येही ‘रेफरन्सेस’ या शीर्षाखाली अशी सोय आहे. गुगल स्कॉलरवर प्रत्येक लेखाखाली ‘साईट’ असे बटण असते, ते दाबले की तयार संदर्भ मिळतो. तो डोळे झाकून चिकटवू नये. नावे उलटसुलट झालेली असतात.

एक अडचण आपल्याकडची खास. गावातल्या टायपिंगच्या दुकानात अजून जुने फॉन्ट वापरतात. कागदावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती अक्षरे भलतीच असतात. ना शोध लागतो ना सूची अक्षरानुक्रमे लागते. दुकानदाराला ‘युनिकोडमध्ये टाईप करा’ असे आधीच सांगावे.

एपीए की एमएलए, हा प्रश्न मुले फार विचारतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्राला बहुधा पहिली पद्धत, भाषा-साहित्याला दुसरी. मार्गदर्शक सांगतील ती घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. आणि अडले तर ग्रंथपालांना विचारा. आपली मुले ग्रंथपालांना पुस्तक मागतात, मदत मागत नाहीत. ती मागण्याचा हक्क आहे. इतरांनी संदर्भ कसे दिले ते पाहायचे असेल तर ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले पीएच.डी. प्रबंध वाचायला मिळतात.

मोबाईलवर प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी आल्या आहेत. त्यांना संदर्भ मागू नका. नसलेल्या पुस्तकाचे नाव, नसलेले पान, सगळे छान रचून देतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, कधी न झालेले खटले दाखले म्हणून कोर्टात दिले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. वकिलांचे निभावले. आपल्या मुलीचे वर्ष जाते.

नियमाचेही सांगतो, कारण भीती अर्धवट माहितीची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम काढले. प्रबंध किंवा शोधनिबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघाले तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. पण त्याच नियमांत लिहिले आहे की संदर्भासह दिलेली अवतरणे आणि शेवटची सूची हे साम्यात धरू नये. म्हणजे ज्याने नाव-पत्ता दिला त्याला हा नियम भीतीचा नाही. झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजून तयार प्रकल्प घेणाऱ्याला आहे.

आजीचे नाव

उरलेल्या जागा आजीच्या होत्या, आणि माझ्या मते साऱ्या प्रकल्पाचा जीव तिथेच होता. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. वडिलांबरोबर बैलगाडीने चांद्याला आली होती. मुलीने हे सगळे ‘असे म्हटले जाते’ म्हणून लिहून टाकले होते. कोण म्हणते? आजी म्हणते. मग आजीचे नाव, वय, गाव, मुलाखतीची तारीख आणि जागा लिहा. आवाज मोबाईलवर टिपून ठेवा. आधी परवानगी घ्या आणि ती घेतल्याचेही लिहा. पुस्तकाला पान असते, बोलणाऱ्या माणसाला तारीख असते.

पुढच्या रविवारी आम्ही आजीकडे गेलो. आजी म्हणाली, दसऱ्याच्या दिवशी दीक्षा घेतली. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. दसरा १४ ऑक्टोबरला, ती नागपूरची दीक्षा; चंद्रपूरची १६ ला. आता आजीचे बोलणे दुरुस्त करायचे का? नाही. आजी जे बोलली ते जसेच्या तसे लिहायचे, आणि खाली तळटिपेत छापील आधार देऊन तारीख सांगायची. आजीच्या मनात तो सगळा आठवडा म्हणजे दसराच राहिला असेल, तर तीही एक माहितीच आहे.

मुलीने विचारले, “आजी, तुझं नाव कॉलेजच्या पुस्तकात छापू का?”

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “छाप. पण माह्या बापाचं नाव बी टाक. गाडी त्यानं हाकली होती.”

ते नाव आता सातव्या तळटिपेत आहे.